गावात पैसा लावायचाय? आधी सही, मग ऑर्डर, मग ठेव

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सी आणि आसपास राहणारी वीस-पंचवीस कुटुंबं आहेत, मूळ गावं कुडाळ, सावंतवाडी, वेंगुर्ला, देवगड या तालुक्यांतली. काहींचा पासपोर्ट अजून भारतीय आहे, काही अमेरिकन नागरिक होऊन ओसीआय कार्डावर (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं कार्ड) आहेत. सगळ्यांची मिळून दोनेक कोटी रुपये गावाकडे लावायची तयारी आहे. डोक्यात चार गोष्टी आहेत: काजूची बाग विकत घेणं, काजू प्रक्रियेचं युनिट, बंद घरांत होमस्टे आणि गावच्या शाळेला मदत. कायदेशीर मार्ग कोणता आणि फसगत कशी टाळायची, असं विचारलंय.

मी सिंधुदुर्गात लहान उद्योगांची बँक प्रकरणं, प्रकल्प अहवाल आणि अनिवासी मंडळींची कागदपत्रं करतो, त्यामुळे दोन्ही बाजूंची गाऱ्हाणी रोज कानावर पडतात. सरळ सांगायचं तर जमीन घेऊ नका, पहिल्या वर्षी कंपनीही काढू नका. तुमच्याकडून गावाला तीन गोष्टी हव्यात आणि त्या ठरावीक क्रमाने हव्यात: तुमची सही, तुमची ऑर्डर आणि तुमची ठेव. भागभांडवल त्यानंतर.

जमिनीचं आधी उरकतो, कारण सगळ्यांची उडी तिथेच पडते. "सातबाऱ्यावर माझं नाव आहे, म्हणजे मी शेतकरी, मग शेजारची बाग मी घेऊ शकतो," असं मला जवळजवळ प्रत्येक जण सांगतो. यातलं अर्धंच खरं आहे. महाराष्ट्राच्या कूळ कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतजमीन घ्यायला शेतकरी असावं लागतं, आणि वारसाने नाव लागलेलं असेल तर ती अट तुम्ही पूर्ण करता. पण त्याच्या डोक्यावर फेमा (परकीय चलन व्यवस्थापन कायदा) बसलेला आहे. परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकाला आणि ओसीआय कार्डधारकाला शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारसाने आलेली जमीन ठेवता येते. ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकाला विकता किंवा बक्षीस देता येते. नवी घेता येत नाही. "चुलतभावाच्या नावावर घेऊ, पैसे आपले" हा उपाय तुम्हाला दहा जण सुचवतील. तो बेनामी व्यवहार होतो, आणि उद्या भाऊ फिरला तर तुम्हाला कोर्टात उभं राहायलाही जागा उरत नाही. घर, फ्लॅट, दुकानाचा गाळा मात्र घेता येतो.

आता सहीबद्दल. तुमच्या आजोबांच्या नावची जमीन आज बहुधा सामायिक असेल, सातबाऱ्यावर पंचवीस-तीस नावं आणि त्यातली पाच-सहा वारलेली. गावात राहिलेला चुलतभाऊ ती कसतो. त्याला बँकेकडे तारण द्यायची झाली तर सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या लागतात. सरकारच्या फळबाग लागवड योजनेत अर्ज केला तर बाकीच्यांचं संमतीपत्र मागतात. म्हणजे जो माणूस प्रत्यक्ष उद्योग करू शकतो त्याचं घोडं तुमच्या सहीपाशी अडलेलं असतं, आणि तुम्हाला तिकडे याचा पत्ताही नसतो. त्याच गावात पैसे घेऊन आलेला अनिवासी "इथे कुणी धडपड करत नाही" असं म्हणतो, तेव्हा मला त्याचाच सातबारा त्याच्यासमोर ठेवावासा वाटतो.

म्हणून पहिलं काम बिनपैशाचं आहे. मयतांच्या वारस नोंदी लावून घ्या आणि शक्य असेल तिथे वाटणी करा. सगळ्यांची संमती असेल तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली तहसीलदाराकडून वाटप होतं. हक्कसोडपत्र करायला तुमचं मन होत नसेल तर करू नका, ती भीती मला समजते. वाटणीत तुमचा तुकडा तुमच्याच नावावर राहतो आणि भावाचा मोकळा होतो. स्वतः येणं जमत नसेल तर कुलमुखत्यारपत्र द्या, पण ते एका ठरावीक कामापुरतं असू द्या. "सर्व मिळकतींबाबत सर्व अधिकार" असला मसुदा कुणी पाठवला तर सही करू नका. अमेरिकेत केलेलं पत्र वकिलातीत साक्षांकित किंवा अपोस्टील (आंतरराष्ट्रीय प्रमाणन) करून घ्यावं लागतं, आणि ते महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरावं लागतं. ही तीन महिन्यांची मुदत लोक हमखास चुकवतात. कागद मामाच्या कपाटात पडलेला असतो.

सातबारा काढलाच आहे तर "इतर हक्क" हा रकाना नीट वाचा. कुळाचं नाव, खाजगी वन, आकारीपड (सारा न भरल्याने सरकारजमा झालेली जमीन) असल्या नोंदी तिथे निघतात. आपल्या जिल्ह्यात त्या भरपूर आहेत, आणि एकेका नोंदीपायी वर्षं जातात. आंबोली, चौकुळ, गेळे या बाजूचे असाल तर कबुलायतदार-गावकर जमिनीचं प्रकरण (जमीन गावाची की सरकारची, हा जुना वाद) तुम्हाला मी वेगळं सांगायला नको.

आता काजू, कारण खरा पैसा इथेच लागतो आणि तो कुठे लागतो हे बाहेरून दिसत नाही. तुमच्या पत्रात यंत्रसामग्रीसाठी रक्कम धरली आहे. यंत्रांना पैसा मिळतो हो. सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान आहे. पीएमईजीपी (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम) आहे, मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम आहे, बिनतारण कर्जाला सरकारी हमी योजना आहे. कुडाळ-सावंतवाडीच्या आसपास फिरा, बॉयलर, कटिंग मशीन, ड्रायर असं सगळं व्यवस्थित मांडलेली आणि सप्टेंबरात कुलूप लागलेली युनिट तुम्हाला दिसतील. त्यांची अडचण समजून घ्यायची तर एक हिशेब मांडू. आकडे समजण्यापुरते धरले आहेत, भाव दर हंगामात हलतो.

समजा युनिटची वर्षाची गरज ६० टन काजू बीची आहे. बी मार्चमध्ये सुरू होते आणि मेअखेर संपते. पाऊस पडला की ओली बी काळी पडते, कुणी हात लावत नाही. म्हणजे बारा महिन्यांचा कच्चा माल अडीच-तीन महिन्यांत घेऊन, उन्हात वाळवून, पोत्यांत भरून गोदामात टाकायचा. शेतकरी खळ्यात पोती मोजून देतो तेव्हाच रोख मागतो आणि त्याचंही बरोबर आहे, कारण दारात उभा असलेला कोल्हापूरचा किंवा गोव्याचा व्यापारी रोख देतो. १३० रुपये किलोने ६० टनांचे ७८ लाख झाले. यंत्रं २५ लाखांची, आणि बी ७८ लाखांची, तीही दरवर्षी. बँक मालावर कॅश क्रेडिट (खेळत्या भांडवलाचं कर्ज) देते, पण साधारण चौथा हिस्सा तुम्ही घाला म्हणते, म्हणजे साडेएकोणीस लाख. उरलेल्या साडेअठ्ठावन्नसाठी तारण मागते. तारण म्हणजे जमीन, आणि जमीन सामायिक. आलो ना पुन्हा सहीपाशी?

पैसा नसला की मालक वीस-बावीस टन बी कशीबशी घेतो. ती गणपतीच्या सुमाराला संपते. सोलणीला येणाऱ्या बायका घरी बसतात, बँकेचा हप्ता मात्र चालू राहतो. मग व्यापाऱ्याकडून आफ्रिकेची बी उधारीवर चढ्या दराने उचलायची आणि गर त्यालाच त्याच्या भावाने द्यायचा. ज्या वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ या जातींसाठी इथल्या फळ संशोधन केंद्राने वर्षानुवर्षं खपून काम केलं, त्यांची बी मे महिन्यात स्वस्तात घाटावर गेलेली असते.

आंब्यातही पेच तोच, फक्त सावकाराचं नाव वेगळं. फवारणी, राखणीचे नेपाळी गडी, पेट्या आणि पेंढा यांसाठी बागायतदार वाशीच्या दलालाकडून आगाऊ रक्कम उचलतो. मग पेटी त्याच्याच गाळ्यावर जाते आणि पट्टी (विक्रीचा हिशेब) तो देईल ती. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते चांगलंच झालं, पण ज्याच्या डोक्यावर आगाऊ रक्कम आहे त्याला मानांकनाचा भाव मागता येत नाही.

तेव्हा दोन कोटी लावायचेच असतील तर ते खेळत्या भांडवलाच्या जागी लावा. त्यासाठी एक रस्ता आहे, तो फारसा कुणी वापरत नाही. तुमची एनआरई (परदेशातल्या कमाईची, रुपयांतली) किंवा एफसीएनआर (परकीय चलनातली) मुदत ठेव तारण ठेवून बँक भारतातल्या तिसऱ्या व्यक्तीला किंवा कंपनीला रुपयांत कर्ज देऊ शकते. दहा कुटुंबांनी प्रत्येकी सहा लाखांची ठेव ठेवली की साठ लाखांचं तारण झालं आणि वरच्या हिशेबातलं खिंडार भरलं. ठेव प्रत्येकाच्या स्वतःच्या नावावर राहते, व्याज त्याचं त्याला मिळतं, मंडळाचं एकत्र खातं लागत नाही. एखाद्याला दुसऱ्या वर्षी बाहेर पडायचं असेल तर कर्ज फिटल्यावर ठेव सोडवून तो परत नेऊ शकतो. अटी लक्षात ठेवा. तारण दिल्याबद्दल परकीय चलनात थेट किंवा आडून कसलाही मोबदला घ्यायचा नाही. कर्जाचा पैसा शेती, मळे, जमीनजुमला किंवा पुढे व्याजाने देणं यांसाठी वापरायचा नाही. काजू प्रक्रिया हा उद्योग आहे, ती चालते. बाग करणं चालत नाही. कर्ज फिटेपर्यंत ठेव मुदतीआधी मोडता येत नाही. आणि बहुतेक बँका इथे ठेवीदाराची स्वतःची सही मागतात.

धोकाही उघड आहे: युनिट बुडालं तर ठेव गेली. म्हणून गोदामाची चावी बँकेच्या माणसाकडे ठेवायची व्यवस्था करा, साठ्याचं पत्रक दर महिन्याला सगळ्यांना मिळालं पाहिजे, आणि पहिल्या हंगामात साठ लाखांऐवजी वीसच ठेवा. एनआरईचं व्याज भारतात करमुक्त असलं तरी अमेरिकेत ते उत्पन्नात दाखवावं लागतं, आणि परदेशी खात्यांत मिळून १०,००० डॉलरच्या वर रक्कम गेली की एफबार (परदेशी खात्यांचं विवरणपत्र) भरावा लागतो. हे तुमच्या तिकडच्या सीपीएला (कर सल्लागाराला) माहीत असतं. विचारायला मात्र लोक विसरतात.

आता ऑर्डर. केरळचं उदाहरण मला यासाठी आवडतं. कोचीचा विमानतळ १९९९ मध्ये सुरू झाला, त्यात तीसेक देशांतल्या जवळपास दहा हजार अनिवासींचा पैसा होता. लोक ते मल्याळी माणसाच्या गावप्रेमाचं उदाहरण म्हणून सांगतात. प्रेम होतंच, पण भाग घेणारेच दरवर्षी त्या विमानतळावर उतरणार होते. गिऱ्हाईक आधीच ठरलेलं होतं. उलट टोक मेक्सिकोत आहे. झाकातेकास राज्यात स्थलांतरितांच्या मंडळांनी एक डॉलर दिला की गावपालिका, राज्य आणि केंद्र प्रत्येकी एक घालणार, अशी "एकास तीन" योजना होती, आणि २००२ पासून ती देशभर चालली. तिच्यातून रस्ते, नळयोजना, चर्च आणि चौक झाले, ते लोकांना हवेही होते. रोजगार देणारे प्रकल्प त्या मानाने फार कमी उभे राहिले. गावकीचं काम वर्गणीने होतं. धंदा वर्गणीने चालत नाही, त्याला गिऱ्हाईक लागतं.

तुमच्या राज्यात मराठी, गुजराती, कन्नड घरं किती, मंडळांचे कार्यक्रम किती, देशी दुकानं किती, ते बघा. काजूगर, कोकम आगळ, आंब्याचा पल्प यांची पक्की मागणी तुम्ही उभी केलीत तर इथल्या युनिटला त्या मागणीच्या कागदावर बँकेत बोलता येतं. पण माल भावाच्या सुटकेसमधून येणार नाही. युनिटकडे एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा) परवाना आणि आयात-निर्यात कोड लागतो, अमेरिकेच्या एफडीएकडे (अन्न-औषध प्रशासन) कारखान्याची नोंदणी आणि तिथला एजंट लागतो, आणि पुरवठादाराची तपासणी केल्याची जबाबदारी तिकडच्या आयातदारावर असते. त्या कायद्यात लहान आयातदाराला थोडी सवलत आहे. हे फॉर्म, लेबलवरचा पोषणतक्ता, नटांच्या ॲलर्जीची सूचना असल्या गोष्टी तुमच्यातला औषध किंवा अन्न कंपनीत काम करणारा एखादा माणूस दोन शनिवार-रविवारांत उरकेल. इथल्या मालकाला त्यासाठी मुंबईच्या सल्लागाराला पैसे मोजावे लागतात. तुमचं खरं भांडवल ते आहे.

ताज्या हापूसच्या वाटेला मात्र पहिली दोन वर्षं जाऊ नका. अमेरिकेने २००७ मध्ये दार उघडलं ते विकिरणाच्या (कीड मारायला फळावर किरणं सोडण्याच्या) अटीवर. फळाला किमान ४०० ग्रे मात्रा द्यायची, ती मान्यताप्राप्त केंद्रातच, लासलगावला किंवा वाशीला, आणि मग विमानभाडं. कोविडमध्ये अमेरिकी निरीक्षक येऊ शकले नाहीत तर निर्यातच थांबली होती, ती २०२२ ला पुन्हा सुरू झाली. एका पेटीत दोन फळं डागाळली की मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो फिरतो आणि पुढच्या वर्षीची ऑर्डर जाते. गर आणि पल्प असे नखरे करत नाहीत.

दोन हंगाम नीट गेले, ठेव सुटून परत आली, हिशेब वेळेवर मिळाले, तर भागभांडवलाचा विचार करा. तेव्हा दोन दारं आहेत. पैसा परत नेण्याच्या हक्काशिवाय घातला तर तो देशी गुंतवणुकीसारखाच धरला जातो आणि कागद कमी लागतात. पुढे विक्रीची रक्कम एनआरओ (अनिवासींच्या भारतातल्या उत्पन्नाच्या) खात्यात येते, तिथून वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत कर भरून नेता येते. तुमच्या रकमांना ही मर्यादा कधीच आड येणार नाही, त्यामुळे लहान युनिटला मी हेच दार सुचवतो. परत नेण्याच्या हक्कासह घातला तर भागांचं मूल्यांकन लागतं, आणि भाग दिल्यापासून ३० दिवसांत रिझर्व्ह बँकेकडे एफसी-जीपीआर (परदेशी गुंतवणूक कळवण्याचा फॉर्म) भरावा लागतो. तो चुकला की दंडाचं लफडं. अमेरिकेत कर भरणाऱ्या कुणाचाही हिस्सा १० टक्के होऊ देऊ नका, त्याच्या खालीच ठेवा, नाहीतर त्याच्या मागे ५४७१ नावाचा (परदेशी कंपनीतल्या हिश्शाचा) फॉर्म लागतो आणि तो न भरण्याचा दंड १०,००० डॉलरपासून सुरू होतो. शेतकरी उत्पादक कंपनीत तुम्हाला भाग घेता येणार नाही, तिथे सभासद उत्पादकच असावा लागतो. तिचा माल घ्या, आगाऊ ऑर्डर द्या, ते पुरेसं आहे. कंपनीला परदेशातून थेट कर्ज देणं बाह्य वाणिज्यिक कर्जाच्या नियमांत येतं, एवढ्या लहान कामाला ती यातायात परवडत नाही.

होमस्टेबद्दल थोडक्यात. वारसाने आलेलं घर भाड्याने द्यायला हरकत नाही, भाडं एनआरओत जमा होतं, आणि तुम्ही अनिवासी असल्यामुळे भाडेकरूला त्यातून कर कापून भरावा लागतो. किनाऱ्याजवळ असाल तर सीआरझेडमध्ये (किनारपट्टीवरच्या बांधकामाच्या नियमांत) काय बसतं ते आधी बघा. पण खरी अडचण अशी की घरातल्या सात भावंडांना मे महिन्यात आणि गणपतीत घर स्वतःलाच हवं असतं, आणि मे हाच तर पर्यटकांचा हंगाम! हे आधी लिहून ठरत नसेल तर कौलं शाकारण्यावर पैसे खर्च करून घर तसंच ठेवा.

शाळेची मदत धंद्याच्या पैशात मिसळू नका. भारतीय पासपोर्ट असलेला माणूस स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत गावच्या संस्थेला देणगी देतो, तेव्हा ती परकीय देणगी धरत नाहीत. ओसीआय कार्डधारकाची आणि अमेरिकेत नोंदलेल्या मंडळाची मात्र धरतात, आणि त्यासाठी संस्थेकडे एफसीआरए (परकीय देणगी कायदा) नोंदणी आणि दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खातं असावं लागतं. गावच्या शिक्षण संस्थेकडे हे बहुधा नसतंच. त्यामुळे एकाच मंडळातल्या दोन मित्रांपैकी एकाची देणगी चालते आणि दुसऱ्याची संस्थेला अडचणीत आणते. चेअरमनना हे माहीत असेल असं गृहीत धरू नका.

फसगतीचं म्हणाल तर माझ्या पाहण्यात सरळ चोरी कमी, भिडेपोटी झालेलं नुकसान जास्त. भावाला फुकट लक्ष ठेवायला सांगतात. तो चार महिने ठेवतो, मग त्याची स्वतःची भातकापणी येते. हिशेब मागितला तर "आमच्यावर विश्वास नाही काय?" आणि मग पुढच्या शिमग्याला पालखीही त्या घरात थांबणार की नाही यावर चर्चा. त्यापेक्षा पगारी माणूस नेमा, आयटीआय झालेला किंवा बँकेतून निवृत्त झालेला, शक्यतो भावकीबाहेरचा. भाऊ चांगला असेल तर त्यालाच नेमा, पण पगार द्या आणि नेमणूकपत्र द्या. तुमच्या बाजूनेही एकच माणूस बोलू दे. पंचवीस जणांनी रात्री फोन करून पंचवीस सूचना दिल्या की कुठलाही मॅनेजर महिन्यात पळतो.

युनिट बघायला मे महिन्यात येऊ नका. तेव्हा मालक खळ्यांत फिरत असतो आणि तुम्ही लग्नांत. जुलै-ऑगस्टमध्ये भर पावसात या, गोदामाचं छप्पर गळतंय का, पोत्याला ओल धरलीय का, सोलणी चालू आहे की बंद, हे एका दुपारी कळतं.

यंदाचं म्हणाल तर तुमच्या यादीतल्या प्रत्येक कुटुंबाने दिवाळीपर्यंत आपला सातबारा, आठ-अ आणि फेरफार काढून ठेवावेत. ते ऑनलाइन मिळतात. ठेवीचं ठरलं तर बँकेशी बोलणी डिसेंबरात सुरू व्हायला हवीत, कारण तिसऱ्याच्या कर्जासाठी अनिवासी ठेव तारण घेण्याचं प्रकरण शाखेतल्या अधिकाऱ्याने बहुधा कधी हाताळलेलं नसतं आणि तो ते वर पाठवतो. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात बी यायला लागते, कर्जाची मर्यादा त्याच्या आधी मंजूर होऊन खात्यात दिसली पाहिजे.